खोटा गजर, खरा झटका

फेफऱ्याचा झटका आला की तो आपोआप ओळखून घरच्यांना कळवणारी मनगटी घड्याळे आणि मोबाइल फोनवरील अ‍ॅप्स आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. परदेशात त्यांच्या चाचण्या होऊन दहा-बारा वर्षे लोटली. आता आपल्याकडेही एखादा पालक असे घड्याळ मुलाच्या हाताला बांधून त्याला शाळेत पाठवतो आणि वर्गशिक्षकांना सांगतो, ‘वाजलं की लगेच बघा.’ शिक्षक बघतात. पहिल्या आठवड्यात ते तीनदा वाजते आणि तिन्ही वेळा मूल धडधाकट असते. पुढे काय होते ते सांगायला नकोच.

या लेखात आम्हांला या साधनांची परीक्षा करायची आहे, आणि ती त्यांच्या दुबळ्या बाजूने करायची आहे. झटका आला असताना गप्प राहणे हा दोष आहेच. पण झटका नसताना वाजणे या दोषाकडे उत्पादक ‘थोडीशी गैरसोय’ म्हणून पाहतात, ते आम्हांला मान्य नाही. माणसारख्या मुलखात तर मुळीच नाही.

अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, फिट ही सगळी एकाच आजाराची नावे. मेंदूतील पेशींचे विद्युत्-व्यवहार एकाएकी एकसाथ आणि बेसुमार होऊ लागले की झटका येतो. भारतात हजारी ५ ते ६ जणांना हा आजार असतो, असे अनेक पाहण्या एकत्र करून काढलेले अनुमान आहे. २०११ च्या जनगणनेत माण तालुक्याची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. याच प्रमाणाने हिशेब केला, तर एकट्या माणमध्ये अकराशे ते तेराशे रुग्ण निघतील. दहापैकी सुमारे सात जणांचे झटके नियमित औषधाने थांबू शकतात. म्हणून घड्याळाआधी गोळ्यांचे पाहावे, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. उरलेल्यांचा, आणि ज्यांचे औषध अजून नीट बसलेले नाही त्यांचा, प्रश्न राहतो. मोठ्या झटक्यांपैकी काही रात्री, कोणी जवळ नसताना येतात. अपस्माराच्या प्रौढ रुग्णांपैकी वर्षाला हजारी सुमारे एकजण अचानक दगावतो. हे मृत्यू बहुधा झोपेत आणि एकटे असताना होतात. झटका येताच कोणी पोहोचावे ही इच्छा म्हणूनच अगदी रास्त आहे.

आता घड्याळाला झटका कळतो कसा ते पाहू. मोठ्या झटक्यात आधी अंग ताठते. ही अवस्था दहा-वीस सेकंद टिकते. मग हातपाय तालात झटके देऊ लागतात. घड्याळात त्वरणमापक नावाचे चिमुकले यंत्र असते. हात किती जोराने आणि कोणत्या दिशेने हिसकला गेला, याची नोंद ते ठेवते. ‘ओपन सीझर डिटेक्टर’ नावाचे एक मोफत अ‍ॅप आहे. इंग्लंडमधील एका अभियंत्याने घरच्या गरजेपोटी ते सुरू केले आणि त्याची सारी आज्ञावली जगाला खुली ठेवली. आतले काम उघड दिसते म्हणून आम्ही तेच उदाहरणाला घेतो. सेकंदाला २५ प्रमाणे ५ सेकंदांच्या १२५ नोंदी त्यात एकत्र केल्या जातात. फोरिएच्या गणिताने त्या हालचालीचा वर्णपट काढला जातो, म्हणजे प्रकाशाचे जसे लोलकाने रंग वेगळे करतात तसे संथ आणि जलद हेलकावे वेगळे केले जातात. (सेकंदाला २५ नोंदी घेणाऱ्या यंत्राला सेकंदाला साडेबारापेक्षा जलद हेलकावे नीट ओळखता येत नाहीत. का, ते वरच्या वर्गातील मुलांना शोधू द्यावे.) या वर्णपटात सेकंदाला ३ ते ८ हेलकावे हा पट्टा झटक्याचा धरलेला आहे. एकूण हालचाल पुरेशी जोरदार असेल आणि तिचा मोठा वाटा या पट्ट्यात पडत असेल, तर आधी इशारा होतो. पाचएक सेकंदांनी तीच स्थिती राहिली तर गजर होतो, आणि ठरवून दिलेल्या फोनवर संदेश जातो.

युक्ती साधी आणि सुंदर आहे. मात्र तिच्यातील खोटही तितकीच साधी आहे. सेकंदाला ३ ते ८ हेलकावे हा पट्टा काही झटक्याने विकत घेतलेला नाही. दात घासणारा हात त्याच पट्ट्यात चालतो, मग त्यात ब्रश असो की मिश्री. पिठाची चाळण हलवणारा हात पाहा, सुपात बाजरी पाखडणारा पाहा. भाकरी थापताना मिनिटाला १८० थापा पडल्या तर सेकंदाला ३ होतात. आपल्या घरी किती पडतात ते घड्याळ लावून मोजावे. खडबडीत रस्त्यावरून मोटारसायकल हाकणाऱ्याच्या मनगटाला हादरे बसतात, तेही यात येऊ शकतात. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यांच्या मुलखात पळणाऱ्या पोरापोरींना तोटा नाही. वेगाने पळणारा माणूस सेकंदाला सुमारे ३ पावले टाकतो. त्याचा हात दोन पावलांत एकदाच मागेपुढे होतो, म्हणजे सेकंदाला दीड वेळा, आणि हा वेग पट्ट्याच्या बाहेर राहतो. पण पाय जमिनीवर आपटल्याचा हिसका दर पावलाला मनगटापर्यंत येतो, आणि तो नेमका पट्ट्याच्या उंबऱ्यावर असतो. लेझमीचे तर विचारूच नका. गजीनृत्याचा फेर जलद झाला, की घड्याळाच्या दृष्टीने तिथे सामुदायिक अपस्मारच सुरू झालेला असतो.

ही गंमत झाली. आता गणिताकडे वळू, कारण खरी गोम तिथेच आहे.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली मनगटावरील अशाच एका बिनतारी त्वरणमापकाची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णालयांच्या निरीक्षण-विभागांतील ७३ रुग्णांना ते बांधले होते. त्यांपैकी २० जणांना मिळून ३९ मोठे झटके आले. यंत्राने ३५ पकडले, म्हणजे शेकडा ९०. खोटे गजर दिवसाला सरासरी ०.२, म्हणजे पाच दिवसांत एक. हा निकाल चांगला आहे. पुढच्या काळातील चांगल्या साधनांचे आकडेही याच्याच आसपास फिरतात. ‘शेकडा ९० झटके ओळखते’ हे वाक्य जाहिरातीत घालायला कोणाची हरकत असणार? पण पालकाला वेगळाच प्रश्न पडलेला असतो. घड्याळ आत्ता वाजले आहे, तर झटका आलेला असण्याची शक्यता किती? शेकडा ९० हे या प्रश्नाचे उत्तर नाही. दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

समजा, एका मुलीला महिन्याला एक मोठा झटका येतो. महिन्यात खरे गजर सरासरी ०.९ होतील. खोटे गजर ३० गुणिले ०.२, म्हणजे ६. एकूण ६.९ गजरांत खरे ०.९. हे प्रमाण शेकडा १३ भरते, म्हणजे आठांतला एकच गजर खरा. दुसऱ्या एका मुलाला औषध चांगले लागू पडले आहे आणि त्याला सहा महिन्यांतून एकदाच झटका येतो. त्याच्या १८२ दिवसांत खोटे गजर ३६ आणि खरा ०.९. याचे प्रमाण शेकडा अडीचही भरत नाही. एकेचाळीस वेळा धावत जावे तेव्हा एकदा मूल खरोखर झटक्यात सापडेल. उलट ज्याला आठवड्याला एक झटका येतो, त्याच्या बाबतीत दर पाच गजरांत साधारण दोन खरे निघतील. घड्याळ एकच, त्याची गुणवत्ताही एकच, पण गजराची किंमत रुग्णागणिक बदलली. संभाव्यतेच्या पुस्तकात बेजचा प्रमेय म्हणून जे शिकवतात ते हेच. चेंडू आणि पिशव्यांच्या उदाहरणांना कंटाळलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांपुढे हे ठेवून पाहावे.

नेदरलँड्समध्ये २०१८ साली दंडावर बांधायच्या एका साधनाची चाचणी प्रसिद्ध झाली. ते नाडी आणि हालचाल दोन्ही मोजते, आणि फक्त रात्री वापरायचे असते. त्यात निम्मे गजर खरे निघाले. ही मोठी सुधारणा आहे, यात शंका नाही. पण ती वाचताना हेही पाहावे लागते, की चाचणीतील माणसे काळजीगृहात राहणारी होती आणि त्यांना झटके वारंवार येत होते. वरचा हिशेब ध्यानात असलेल्या वाचकाला याचा अर्थ सांगायला नको.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. सहा महिन्यांतून एक झटका येणाऱ्या मुलाच्या घरी निदान निम्मे गजर खरे असावेत एवढीच माफक अपेक्षा ठेवली, तरी खोटे गजर चाळिसाव्या हिश्श्यावर आणावे लागतील. ‘नव्या आवृत्तीत खोटे गजर निम्म्यावर आणले’ अशी घोषणा होते, तेव्हा या मुलाच्या घरी शेकडा अडीचचे शेकडा पावणेपाच होतात. घोषणा खरी असते, आणि तरी त्या घरात काही बदलत नाही.

‘अचूकता ९९.९ टक्के’ अशी शेखी कोणी मिरवली तर काय विचारायचे, तेही सांगतो. दिवसाचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे केले तर १७,२८० होतात. त्यांतील हजारात एक तुकडा चुकीचा ओळखला तर दिवसाला १७ चुका झाल्या! आता बंद पडलेले घड्याळ घ्या. ते कधीच वाजत नाही. महिन्यात दोन मिनिटांचा एक झटका आला, तर ३० दिवसांच्या ५,१८,४०० तुकड्यांपैकी झटक्याचे तुकडे फक्त २४. बाकी सर्व तुकड्यांत बंद घड्याळाचे ‘झटका नाही’ हे मत बरोबर ठरते. म्हणजे त्याची अचूकता ९९.९९५ टक्के झाली, जाहिरातीतल्या घड्याळापेक्षा सरस! एका टक्केवारीत सगळे गुंडाळणाऱ्या माहितीपत्रकावर यापेक्षा अधिक शब्द खर्च करण्याची गरज नाही.

खोटे गजर कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उंबरठा वाढवणे. हालचाल आणखी जोरदार असेल तरच, किंवा आणखी काही सेकंद टिकली तरच वाजायचे. यावर नेहमी आक्षेप येतो की मग झटका उशिरा कळेल, आणि सौम्य झटका निसटेल. आक्षेप बरोबर आहे, पण तो कोणाच्या घरासाठी हेही पाहिले पाहिजे. शहरातल्या सदनिकेत आई शेजारच्या खोलीत असते; तिथे दहा सेकंदांना अर्थ आहे. माणमधल्या वस्तीवर घर एकीकडे आणि रान दुसरीकडे. गजर ऐकून धावत यायला दहा मिनिटे लागणार असतील, तर गजर दहाव्या सेकंदाला झाला की विसाव्या, याने फारसे बिघडत नाही. मोठा झटका बहुधा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतो, तो दोन्ही वेळेला थांबलेलाच असेल. पण प्रत्येक खोट्या गजरापायी खुरपे टाकून दहा मिनिटे धावत यायचे आणि दहा मिनिटे परत जायचे, ही किंमत तिथे फार मोठी आहे. चार-सहा फेऱ्यांनंतर धावणे थांबते. तेव्हा आमचे मत असे, की मदत जितकी लांब, तितका गजर सावकाश पण भरवशाचा असावा. अ‍ॅपमध्ये हे आकडे बदलता येतात. मात्र ते कोणी आणि कशाच्या आधारे बदलावेत, याचे मार्गदर्शन असते ते जवळच मदत असलेल्या घराला डोळ्यांपुढे ठेवून.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. माणदेशातल्या मेंढपाळाच्या पोराला ती नुसती गोष्ट वाटणार नाही, कारण त्या माळांवर लांडगा खरोखरच असतो. पण गोष्टीतला पोर खोटे बोलत होता. घड्याळ खोटे बोलत नाही. त्याला कुत्रा आणि लांडगा यांतला फरक दाखवलेला नाही, इतकेच. तो दाखवता येईल का?

आमच्या मते बराचसा दाखवता येईल. पाच सेकंदांचा तुकडा सुटा पाहिला तर चाळण आणि झटका सारखे दिसतात. पण झटक्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. आधी ताठरलेल्या अंगाची बारीक, जलद थरथर. मग ती हळूहळू मोठ्या आणि सुट्या हिसक्यांत मोडते. दोन हिसक्यांमधील अंतर वाढत जाते. आणि शेवटी हात निपचित पडतो. चाळण चाळणारीचा हात असा मंदावत जात नाही. तो एकाच तालात चालतो, मध्येच थांबून बाजूला कोंडा टाकतो आणि पुन्हा चालू होतो. लेझमीचा ताल तर ढोलकीवाल्याच्या हुकमात असतो. म्हणजे एकेका क्षणाच्या वर्णपटापेक्षा मिनिटभरात तो वर्णपट कसा सरकतो, हे अधिक बोलके आहे. अर्थात मिनिटभर थांबून वाजणारे घड्याळ झटका संपता संपता वाजेल. तरी ‘काहीतरी झाले आहे, माणूस आता निपचित आहे’ हे खात्रीने कळणे वस्तीवरच्या घराला कमी मोलाचे नाही, कारण झटक्यानंतर काही वेळ माणूस भानावर नसतो आणि श्वास नीट चालला आहे की नाही हे पाहण्याची वेळ तीच असते.

नाडीची जोड दिल्याने रात्री फायदा होतो, कारण झोपेत नाडी एकदम चढण्याची कारणे थोडी. दिवसा लेझीम खेळणाऱ्याची नाडी चढलेलीच असते. तिथे दोन साक्षीदार एकाच चुकीची ग्वाही देतात. काही घड्याळे त्वचेची विद्युत्-वाहकता मोजतात. झटक्यात घामाच्या ग्रंथी चेतवल्या जातात, हा त्यांचा आधार. अमेरिकेत अशा एका घड्याळाला २०१८ साली प्रौढांसाठी आणि २०१९ साली सहा वर्षांवरील मुलांसाठी परवानगी मिळाली. चैत्र-वैशाखात माळावर राबणाऱ्याच्या हातावर ही खूण किती उठून दिसते, ते माळावरच मोजायला हवे.

सर्वांत चांगली चाळणी मात्र कोणत्याही यंत्रात नाही. गजर बाहेर जाण्यापूर्वी घड्याळ काही सेकंद थरथरते आणि ‘मी ठीक आहे’ असे बटण दाबण्याची संधी देते. शुद्धीवर असलेला माणूस ते दाबतो, झटक्यात असलेला दाबू शकत नाही. शुद्ध हरपणे हेच मोठ्या झटक्याचे लक्षण, आणि हे बटण नेमके तेच तपासते. पण कणकेने माखलेल्या हाताने बटण दाबायचे कसे, आणि लेझीम सोडून दाबायचे कोणी? सहा-सात वर्षांच्या मुलाकडून तर ही अपेक्षा करताच येत नाही. शिवाय अर्धवट भानावर असताना सवयीने बटण दाबले गेले तर? या प्रश्नांना पुरी उत्तरे नाहीत, तरी हा उपाय वर्णपटाच्या गणितापेक्षा अधिक खोटे गजर गाळतो, असे आम्हांला वाटते.

अलीकडे या कामाला ‘शिकणारी’ आज्ञावली जुंपली जाते. तिला नियम सांगायचे नाहीत. खऱ्या झटक्यांच्या आणि खोट्या गजरांच्या हजारो नोंदी दाखवायच्या आणि फरक तिचा तिनेच शोधायचा. वर सांगितलेल्या खुल्या अ‍ॅपने याची व्यवस्था फार प्रामाणिकपणे केली आहे. वापरणारे स्वखुशीने आपल्या नोंदी नाव न सांगता देतात, आणि प्रत्येक गजरापुढे ‘खरा’ की ‘खोटा’, खोटा असल्यास त्या वेळी काय चालले होते, हे लिहितात. आपल्या चुकांची अशी वही उघड ठेवणे विक्रीच्या मालात क्वचितच दिसते, आणि या एका गोष्टीसाठी आम्ही त्या अ‍ॅपला महागड्या घड्याळांच्या वर ठेवू. पण वहीत असेल तेवढेच यंत्र शिकणार. तिच्यात दात घासणे आहे, संगणकावर टंकलेखन आहे, भांडी घासणे आहे. कडबाकुट्टीचे चाक फिरवणे, ताक घुसळणे, मेंढीची लोकर कातरणे, बाजरी पाखडणे हे कोणी दिले तर येणार. न पाहिलेल्या हालचालीबद्दल असे यंत्र ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. ते ठणकावून काहीतरी एक सांगते. युरोपात खोटे गजर कमी झाले म्हणून दहिवडीत होतील, असे मानायला आधार नाही.

आणखी एक तक्रार. घड्याळ आणि फोन यांच्यामधला बिनतारी दुवा आठ-दहा मीटरांपलीकडे विसंबण्यासारखा नसतो. फोन खाटेवर आणि मूल अंगणात गेले, की ‘संपर्क तुटला’ म्हणून वेगळा गजर होतो. वीज नसल्याने घड्याळाला भार झाला नाही, की तिसराच. चाचणीत यांना खोटे गजर म्हणत नाहीत, कारण तांत्रिकदृष्ट्या ते खरेच असतात. पण म्हाताऱ्या आजीच्या कानाला तो गजरच. आटपाडी-खानापूरकडे आणि माणमध्येही गलाईच्या धंद्यापायी मुलगा-सून परमुलुखात आणि नातवंडे आजीपाशी अशी घरे पुष्कळ आहेत. तिथे कोणता गजर कशाचा, हे वेगवेगळ्या आवाजांनी शिकवणे शक्य आहे; निर्मात्यांनी ते मनावर घ्यायला हवे.

अपस्मार-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत मोठ्या, हातपाय झाडणाऱ्या झटक्यांसाठीच अशा साधनांची शिफारस आहे, आणि तीही मुख्यतः जवळ कोणी नसणाऱ्या रुग्णांसाठी. इतर प्रकारच्या झटक्यांसाठी शिफारस नाही. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शाळकरी वयात एक झटका असा येतो, की मूल आठ-दहा सेकंद नुसते शून्यात पाहते, हातातली पेन्सिल थांबते, आणि मग ते पुन्हा लिहू लागते. दिवसातून हे अनेकदा होऊ शकते. हात हलतच नाही, तर घड्याळ काय ओळखणार? ‘लक्ष नाही’ म्हणून अशी मुले बोलणी खातात. इथे घड्याळ गप्प आहे म्हणजे सारे ठीक आहे असे समजणे, हे खोट्या गजराइतकेच घातक. आणि रात्रीचे म्हणाल, तर एकाच खोलीत ओळीने अंथरुणे पडतात अशा घरात शेजारी झोपलेले माणूस हेच पुष्कळदा घड्याळापेक्षा चांगले साधन असते. वसतिगृहातल्या मुलाचे तसे नाही. रात्रीपुरते घड्याळ वापरण्याची खरी जागा आम्हांला ती दिसते.

खोट्या गजराची जी किंमत कोणत्याच तक्त्यात येत नाही, ती वर्गात मोजावी लागते. भर कवायतीत घड्याळ किंचाळते, साठ माना वळतात, आणि ज्या मुलीने आपला आजार कोणाला सांगितला नव्हता तो सर्वांना कळतो. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण ठरू शके, ती तरतूद १९९९ सालच्या दुरुस्तीने कायद्यातून गेली. गावाच्या मनातून ती अजून गेलेली नाही. मग पुढच्या वेळी घड्याळ वाजू नये म्हणून मुलीलाच लेझमीतून वगळले जाते, पळण्यातून वगळले जाते. यंत्राला लेझीम कळत नाही म्हणून मुलीने लेझीम सोडायची, हा न्याय आम्हांला अजिबात पटत नाही. लेझीमच्या तासापुरते घड्याळ काढून शिक्षकांच्या टेबलावर ठेवावे, आणि तास संपताच आठवणीने परत बांधावे. त्या तासात बघायला चाळीस-पन्नास डोळे हजर असतात.

गजर खोटा असला तरी त्यावर जे केले जाते ते निरुपद्रवी असेल, तर निम्मे नुकसान टळते. म्हणून घड्याळासोबत प्रथमोपचारही शिकवावेत. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, वेळ पाहावी. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. चप्पल आणि कांदा हुंगवणे याने काहीही होत नाही. झटका आपल्या वेळेने थांबतो आणि श्रेय चपलेला जाते. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरा झटका आला, तर १०८ क्रमांकाला फोन करावा. गजर ऐकून चप्पल घेऊन धावणाऱ्यापेक्षा घड्याळ नसलेले घर बरे.

ज्या शाळेत एखादा बरा मोबाइल फोन आहे, तिथे याची परीक्षा वर्गातच होऊ शकते. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने शाळांसाठी केलेले ‘फायफॉक्स’ नावाचे मोफत अ‍ॅप फोनमधल्या त्वरणमापकाच्या नोंदी आणि त्यांचा वर्णपट दाखवते. फोन मनगटाला रुमालाने घट्ट बांधून मुलांना आळीपाळीने चाळण चाळायला, पळायला, लेझीम खेळायला, दात घासायला सांगावे, आणि कोणाची शिखरे ३ ते ८ च्या पट्ट्यात येतात ते फळ्यावर मांडावे. कोणती शिखरे मिनिटभर जागची हलत नाहीत आणि कोणती सरकतात, हेही पाहावे. भाकरीचा प्रयोग घरी, आई किंवा आजी थापत असताना. आकडीची नक्कल मात्र करू देऊ नये. वर्गात ती ज्याला खरोखर येते असे मूल बसलेले असू शकते.